दस्तगीरमामूंचा रातिब

दस्तगीरमामूंची आठवण मला प्रथम नाकात येते. इतर माणसे चेहऱ्याने आठवतात, आवाजाने आठवतात. हा मनुष्य उकळत्या वजडीच्या वासाने आठवतो. इतकी वर्षे लोटली, तरी तो वास मनात आल्याबरोबर माझा हात उपरण्याचा पदर घेऊन नाकाशी जातो. घरच्यांना वाटते, मला सर्दी झाली.

उस्मानाबादेत कचेरीबाहेरच्या लिंबाखाली माझी बैठक होती. हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण होऊन सात-आठ वर्षे झालेली. कचेरीतली उर्दू गेली, मराठी आली, आणि त्या धांदलीत जुने मुन्शी एकामागून एक घरी बसले. मी बसलो नाही. माझे शिक्षण उर्दू मिडलच्या अलीकडेच थांबले हे खरे. परंतु मराठी मी स्वतःच्या हिमतीवर, वर्तमानपत्रे आणि सरकारी जाहीरनामे वाचून कमावली. माझ्या अर्जात ‘मेहरबानी’ हा शब्द शोधूनही सापडला नसता. तेथे ‘कृपादृष्टी’ असे. तालुक्याच्या चारी दिशांहून लोक माझ्याच हातचा अर्ज मागत, आणि मामलेदारसाहेब माझे अक्षर लांबून ओळखत. गळ्यात लिंग, कपाळी विभूती, आणि कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ घातल्याशिवाय टाक पुढे सरकवायचा नाही, असा माझा नेम.

अशा माणसापासून दहा हातांवर, कचेरीच्या पडक्या भिंतीच्या आडोशाला, दस्तगीरमामूंची खोली होती आणि खोलीपुढे उघड्यावर त्यांची चूल.

मामू पूर्वी एका जहागीरदाराच्या शिकारी कुत्र्यांवर नोकर होते. चाळीस कुत्री त्यांच्या हाताखाली होती. जहागिरी खालसा झाल्या, मालक हैदराबादला गेले, कुत्री ज्याला जशी हवी तशी त्याने नेली. मामूंनी एक कारवानी जातीची कुत्री तेवढी बरोबर आणली. तिलाही पुढे येडशीच्या रानात डुकराने फाडले, आणि मागे तीन आठवड्यांचे एकच पिल्लू उरले. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिवळसर लव, आणि पोट असे फुगीर की ढेकणाची आठवण व्हावी.

“मुन्शीजी,” मामू मला नेहमी याच नावाने हाक मारीत. मी अनेकदा सांगूनही अर्जनवीस म्हणाले नाहीत. “मुन्शीजी, ह्या जातीचं ह्ये शेवटचं. ह्ये गेलं की चाळीसच्या चाळीस गेले.”

तेव्हापासून त्या पिल्लाच्या पोटाशिवाय मामूंना दुसरा विषय उरला नाही. आणि तो विषय ते माझ्या दहा हातांवर, माझ्या पक्षकारांच्या देखत, दिवसातून पाच वेळा चालवीत.

प्रथम दूध. गावात म्हशीच्या दुधाला तोटा नव्हता, पण मामूंना बकरीचेच हवे. तेही एकाच बकरीचे. शेजारच्या गल्लीतील एका म्हातारीची काळी बकरी त्यांनी निवडली होती, आणि निवडण्यापूर्वी चार दिवस ती बकरी कुठे चरते हे पाहत तिच्यामागे हिंडले होते. दुधात निम्मे पाणी. ते तापवून कोमट झाले की नाही हे पाहण्याची त्यांची रीत अशी की, एक घोट स्वतःच्या तोंडात घ्यायचा, गालात क्षणभर धरायचा, आणि तोच परत वाटीत सोडायचा. त्या वाटीत कापसाची वात बुडवून ती पिल्लाच्या तोंडी द्यायची. हा प्रकार मी प्रथम पाहिला त्या वेळी एका विधवा बाईच्या वारसाहक्काचा अर्ज लिहीत होतो. ‘सबब’ या शब्दावर शाईचा ठिपका पडला आणि सबंध कागद वाया गेला.

“मामू, हे काय चालवले आहे?”

“ऊन किती हाय ते बगतोय.”

“बोट बुडवून पाहावे.”

“बोटाला काय कळतंय मुन्शीजी? बोट मेलेलं असतं. तोंड जित्तं असतं.”

पंधरवड्याने दुधात भाकरी आली. ज्वारीची भाकरी, कडा काढून, मधला पापुद्रा तेवढा घ्यायचा. तो मामू स्वतः चावीत. चांगला बारीक करून, लाळेसकट, चिमटीने पिल्लाच्या तोंडात. मामूंच्या दातांची स्थिती काय होती हे मी सांगत नाही. पाने खाऊन ते विटकरीसारखे झाले होते. पिल्लाच्या ओठांवरही ती लाली उतरे. येणारेजाणारे थांबून पाहत आणि हसत. मला मात्र दुपारची शिदोरी उघडवत नसे. मी ती घेऊन कचेरीच्या मागच्या बाजूस जाऊ लागलो, तर तेथेही वाऱ्याबरोबर तो वास येई.

कारण तोवर वजडी सुरू झाली होती. मामूंच्या भाषेत त्या अन्नाचे नाव ‘रातिब’. जहागिरीतला शब्द तो. शिकारी कुत्र्याला रोज ठरल्या वेळी जे शिजवून घालायचे ते रातिब. खाटकाकडून बोकडाची आतडी आणि कोथळा आणायचा, चुलीजवळच्या फरशीवर उलटा करून चुन्याने घासायचा, मग गाडग्यात उकळत ठेवायचा, आणि त्या पाण्यात ज्वारीचे पीठ वैरायचे. बरोबर अकराला, म्हणजे साहेब खुर्चीवर बसत आणि माझी पहिली गिऱ्हाइके येत त्याच मुहूर्ताला, ते गाडगे उकळू लागे. एक दिवस मी उपरणे नाकाला बांधून लिहीत बसलो.

मामूंनी पळी हालवता हालवता पाहिले. “मुन्शीजी, नाक कायकू बांधलं? मुलूक आझाद झालाय. वासानं कुठं जावं आता?”

सगळे लिंबाखालचे लोक हसले. माझा पक्षकार, अणदूरचा एक पाटील, तोही हसला.

रातिब तयार झाला की तो प्रथम मामू खात. चांगले चार घास. जहागिरीतही चाळीस कुत्र्यांचे अन्न आधी आपण स्वतः चाखत होतो, असे ते सांगत. एकदा खुद्द जहागीरदारांनी विचारले होते, दस्तगीर, आज काय जेवलास? यांनी उत्तर दिले, “हुजूर, जे तुमच्या वाघ्यानं खाल्लं ते. वाघ्या माझ्यापेक्षा दोन घास जास्त खाल्ला.” हे सांगताना त्यांना अभिमान वाटे. तो प्रसंग ऐकून माझी अन्नावरची वासना उडाली.

परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खायला घालताना मामूंचा हात पाहण्यासारखा असे. पिल्लू ताटलीत तोंड घालून शेपटीसकट हलत खात असे, आणि ते अजून भुकेले असतानाच मामू ताटली उचलीत. पिल्लू केकाटे. कोणी म्हणाले, “मामू, खाऊ द्या की बिचाऱ्याला,” तर ते म्हणत, “घालाया कुणालाबी येतं. उचलाया यावं लागतं.” पिल्लाचे केकाटणे थांबेपर्यंत ते ताटली छातीशी धरून उभे राहत, आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर भुकेल्या माणसाचा भाव असे. कचेरीच्या एका शिपायाने एकदा लाडाने पिल्लाला पेढा भरवला. मामूंनी धावत येऊन पिल्लाच्या घशात दोन बोटे घातली, पेढा बाहेर काढला, तो शिपायाच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “घ्या. तुमचा हाय.”

या सर्वांहून किळसवाणा भाग पुढेच आहे. पिल्लाने घाण केली की मामू तिच्यापाशी उकिडवे बसत. काडीने उकलून पाहत. कधी बोटांत घेऊन रगडीत आणि नाकाशी नेत. मग तोच हात धोतराला पुसून मला तंबाखू मागत. मी एकदा न राहवून म्हणालो, “मामू, माणसाने काही पायरी ठेवावी.”

“तुमी कागद वाचता न्हवं? आमी ह्ये वाचतो. कागद एकादा खोटं बोलंल, ह्ये न्हाय बोलायचं.”

मी त्यांना पुन्हा तंबाखू दिली नाही.

पिल्लू दोन महिन्यांचे झाले, दूध पूर्ण तुटले, दोन वेळच्या रातिबावर ते उभे राहिले. पाय लांब झाले, फासळ्या दिसू लागल्या, आणि मामू म्हणू लागले की आता धोका टळला. त्याच सुमारास अणदुराहून निरोप आला की त्यांच्या लेकीला कळा लागल्या आहेत आणि बाळ आडवे आहे. मोटार दुपारी होती. मोटारीत कुत्रे घेत नसत. साताऱ्याकडून बदलून आलेले जाधव नावाचे एक कारकून दोन गल्ल्या पलीकडे राहत. कुत्र्यांचा त्यांना फार नाद. त्यांनी मामूंना पूर्वीच सांगून ठेवले होते, कधी गरज पडली तर खुशाल माझ्याकडे ठेवा. पण त्या दिवशी जाधव गावोगाव दौऱ्यावर गेले होते, ते संध्याकाळी परतणार होते. म्हणून मामू पिल्लू बगलेत घेऊन माझ्या बैठकीसमोर आले.

“मुन्शीजी, एक चिठ्ठी लिवा. जाधवसायबाच्या ओसरीवर पिल्लू बांधतो, कडीला चिठ्ठी अडकवतो.”

“सांगा.”

“लिवा. सकाळ-संध्याकाळ रातिब. रातिब म्हंजे वजडी आणायची, चुना लावून साफ करायची, तिच्या पाण्यात जोंधळ्याचं पीठ. वजडी म्हातारी नको. वजडी बोकडाची.”

मी कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ घातले होते. त्याखाली वजडी लिहायला माझा टाक धजेना. आजवर त्या टाकाने मी खून लिहिले, व्यभिचार लिहिले, सावकाराने सुनेच्या अंगावर हात टाकल्याचे लिहिले. तेथे मला संकोच झाला नाही. पण आतडे आणि चुना लिहिताना मला तो वास प्रत्यक्ष कागदातून येतो आहे असे वाटले. मी विचार केला, रातिब म्हटले की सर्व काही त्यात आलेच. खुलाशाचे कारण काय? आणि कागद मराठी माणसाकडे जायचा, तेव्हा शब्दही मराठीच्या नियमाने शुद्ध करून घ्यावा. मी सुवाच्य अक्षरात लिहिले:

‘रा. रा. जाधव यांस सविनय विनंती विशेष. सोबतच्या पिलास आपण सकाळी व सायंकाळी नियमाने रतीब द्यावा. कळावे, लोभ असावा.’

“वाचून दावा,” मामू म्हणाले. मी वाचले. ‘रतीब’ म्हणताना माझा उच्चार स्पष्ट होता. त्यांनी मान डोलावली. “हौ. रातिब. आनि वजडीचं?”

“ते त्यातच आले.”

“आलं न्हवं?”

“आले म्हटले ना! मोटार जाईल तुमची.”

त्यांनी अंगठा उठवला आणि गेले.

मराठी वाचकाला पुढचे सांगावे लागणार नाही. रतीब कशाचा असतो हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. दुधाचा असतो. जाधवांनी चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून गवळ्याला सांगून सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा शेर म्हशीचे निरसे दूध पिल्लाला लावले. प्रेमाने, ताटली न उचलता, पोट भरेस्तोवर.

पाचव्या दिवशी मामू परतले. लेक सुटली होती, नातू झाला होता. ते तोंडात साखर घेऊनच आले असतील. साधारण अकराच्या सुमारास मी त्यांना कचेरीच्या कोपऱ्यावर पाहिले. हातात पिल्लू होते, पण पिल्लासारखे नव्हते. ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. मागचे पाय आणि शेपूट पांढुरक्या पातळ घाणीने माखलेले. मामूंच्या सदऱ्यावरून ती घाण खाली गळत होती. मागून जाधव येत होते, चेहरा पार उतरलेला.

मामूंनी चिठ्ठी माझ्या लिहिण्याच्या पेटीवर ठेवली. “वाचा.”

सात-आठ पक्षकार बसलेले. मी म्हणालो, “काय झाले ते तर सांगा.”

“वाचा आदी.”

मी वाचले.

“रतीब म्हंजे?”

“तुम्ही म्हणालात तोच शब्द. रातिबचे शुद्ध रूप—”

जाधव मध्येच मला म्हणाले, “आप्पा, रतीब म्हणजे दूधच की हो! मी तेच दिलं. चिठ्ठीबाहेर काही केलं नाही मी.”

“शब्द व्याकरणाला धरून आहे,” मी म्हणालो. माझ्याच कानाला तो आवाज घाणेरडा वाटला.

मामूंनी व्याकरणाकडे लक्ष दिले नाही. त्यांनी एक बोट कागदावर ठेवले. त्या बोटाला काय लागले होते ते मला दिसत होते. “आनि वजडी? मी तीन डाव बोललो. ह्यात कुठं हाय? बोट ठेवून दावा मला.”

त्या माणसाला अक्षर येत नव्हते. मी कोणत्याही ओळीवर बोट ठेवले असते तरी जाधवांखेरीज कोणाला कळले नसते. पण जाधव समोर होते. ते नसते तर मी काय केले असते, हे मी अद्याप स्वतःला विचारलेले नाही.

“वास येतो व्हय, मुन्शीजी, कागदाला?” मामू म्हणाले. आवाज चढला नव्हता. लोक या वेळी हसले नाहीत.

मग त्यांनी जे केले ते माझ्या बैठकीपासून दहा हातांवरच केले. पिल्लाला खोलीत नेले नाही. तीन दिवस ते चुलीपाशी पिल्लू मांडीवर घेऊन बसले. पहिल्या दिवशी काहीच दिले नाही, फक्त उकळून थंड केलेल्या पाण्यात मिठाचा खडा फिरवून बोटाने हिरड्यांना लावीत. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. डाळिंबाची साल उकळून तिचे चार थेंब. दुसऱ्या दिवशी भाताची पेज, वरची निवळ तेवढी. पिल्लू चाटत नव्हते. मामू त्याचा जबडा उघडून बोट आत धरून ठेवीत, वाट पाहत, आणि ते ओकले की तेच फडके पिळून पुन्हा पुसत. माश्यांचे मोहोळ उठले. घाणीला आंबूस वास येत होता, वजडीचा वास त्यापुढे अत्तर. पक्षकार माझ्याकडून उठून दुसऱ्या लिंबाखाली जात. मला बैठक हलवता आली असती. मी हलवली नाही. का, ते सांगणे कठीण आहे. मला ओकारी येत होती आणि मी बसून राहत होतो. तो वास नाकात घेणे एवढेच मला तेव्हा करण्यासारखे होते, असे काहीसे वाटत असावे.

जाधव दोन्ही वेळा येऊन उभे राहत. “मामू, मी काय आणू?” मामू म्हणत, “काय नको सायेब. तुमचा दोस न्हाय. तुमाला वाचता येतं, एवडंच.”

मला ते एक शब्द बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी एका फिर्यादीचा मसुदा करीत होतो. वर पाहिले तर मामू समोर उभे. हातात वडाचे पान, पानावर पिल्लाने नुकतीच केलेली घाण. काळपट, घट्ट, बोटाएवढी. ते पान त्यांनी माझ्या पेटीवर, दौतीच्या शेजारी, श्री लिहिलेल्या कागदाच्या काठाला टेकवून ठेवले.

“वाचा, मुन्शीजी.”

“मामू—”

“वाचा की. ह्यात एक अक्षर चुकीचं न्हाय.”

त्यांचे डोळे लाल झाले होते, तीन दिवसांची दाढी पांढरी दिसत होती, आणि तो मनुष्य हसत होता. मी ते पाहिले. सगळ्या लोकांच्या देखत, नाकाला पदर न लावता, मी ते पाहिले. कबूल करतो, इतके सुबक काही त्या पेटीवर फार दिवसांत आले नव्हते. मग मला जोराची ओकारी आली आणि मी लिंबामागे गेलो. परतलो तेव्हा पान नव्हते. मी पेटी चार वेळा धुतली.

पिल्लू जगले. परंतु मामूंनी त्यानंतर कोणासाठी चिठ्ठी लिहवली नाही, आणि पिल्लू कोणाच्या ओसरीवर ठेवले नाही. महिन्याभरात जावयाने बोलावले म्हणून ते उस्मानाबाद सोडून अणदुरास कायमचे राहायला निघाले. मोटारवाल्याने पिल्लाला घेण्यास नकार दिला, तेव्हा ते पायीच निघाले असे मला लोकांकडून समजले. माझा निरोप त्यांनी घेतला नाही. चुलीचे तीन दगड तेवढे तेथे राहिले.

त्याच दिवशी मला एका दाव्याच्या कामी तुळजापूरला जावयाचे होते. मी दुपारच्या मोटारीत खिडकीपाशी बसलो होतो. सडक तेव्हा डांबरी नव्हती. मोटार गेली की मागे फुफाट्याची भिंत उभी राही. गाव सोडून पाच-सहा मैल गेल्यावर, एका बाभळीखाली, मला मामू दिसले. काठीला गाठोडे अडकवून बुंध्याला टेकवले होते. पिल्लाची वेळ झाली असावी. जर्मनची ताटली सडकेच्या कडेला ठेवलेली, आणि पिल्लू, आता गुडघ्याएवढे झालेले, त्यात तोंड घालून खात होते. मोटारीचा आवाज ऐकून मामूंनी मान वर केली. मी त्यांना दिसलो की नाही, कोण जाणे. मी हात उचलला होता.

त्यांनी आमच्याकडे पाठ केली, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि ताटलीवर ओणवे झाले. आमची धूळ त्यांच्या अंगावरून गेली.

मी खिडकीतून मागे वाकून पाहत राहिलो. काही क्षण काहीच दिसले नाही. मग धूळ विरळ झाली आणि ती पाठ दिसली, मातीच्या रंगाची, अद्याप तशीच वाकलेली.